आवाज कापायचा तो कानानं

चुंबकीय फितीवर आवाज दिसत नसे. पाव इंच रुंदीची तपकिरी फीत. तिच्यावर कीर्तन आहे की बाजारभाव, हे नुसतं पाहून कुणालाच सांगता आलं नसतं. भाषणातला खोकला काढायचा असला, की आकाशवाणीतला संपादक फितीच्या दोन्ही चकत्या हातांनी सावकाश पुढंमागं फिरवी. फीत हेडवरून घासत जाई आणि त्या घोगऱ्या आवाजात खोकल्याचं पहिलं टोक तो कानानं पकडी. तिथं मेणाच्या पेन्सिलीनं खूण, खोकला संपतो तिथं दुसरी खूण. मग फीत खाचेत बसवून ब्लेडनं तिरका छेद घ्यायचा आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीनं सांधायची. फीत सेकंदाला साडेसात इंच धावत असेल, तर दशांश सेकंदाची फट पाऊण इंचाची होते. ब्लेड चालवायला तेवढी जागा पुरे. डोळ्यांचं काम खुणेपुरतं होतं, निर्णय सगळा कानाचा.

पुढं संगणक आला आणि ध्वनीचं चित्र पडद्यावर उमटू लागलं. १९८९ मध्ये डिजिडिझाइन कंपनीनं ‘साउंड टूल्स’ बाजारात आणलं. मॅकिंटॉशवर बसून, आवाजाची लहर बघत, माउसनं ओढून तुकडा निवडायचा, ही पद्धत तिथून रुळत गेली. सोय मोठी होती, यात शंका नाही. पण तिच्यामुळं एक समजही पक्का झाला, की ध्वनिसंपादन हे डोळ्यांनी करायचं काम आहे. ज्या कामात अंध माणसाचा कान सर्वांत उपयोगी पडला असता, त्याच कामाच्या दारात माउस आडवा आला. तो बाजूला सारून कळफलकावर हे काम कसं चालतं, ते या प्रकरणात पाहू. त्यासाठी अमरावती सोडून लांब जायची गरज नाही.

ऐकून शिकण्याची आणि बोलून ग्रंथ रचण्याची परंपरा या जिल्ह्याला आहे. गुलाबराव महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळीचा, घर माधानचं. नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली. पुढं त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले, ऐकलेलं मनात साठवलं आणि सांगून लिहवलं. १९१५ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा ते अवघ्या ३४ वर्षांचे होते आणि त्यांच्या नावावर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ होते. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. मला त्यांच्या आयुष्यातली एक व्यावहारिक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: या सगळ्या कामाला त्यांच्याजवळ सतत एक वाचणारा आणि एक लिहिणारा लागत होता. दुसऱ्या माणसाची ही गरज कमी करणं, हेच आजच्या यंत्रांचं खरं काम आहे.

आज अमरावती शहरात डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालय आहे. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचा आश्रम आहे. तिथं वाढलेल्या, जन्मापासून अंध असलेल्या माला पापळकर २०२४ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि त्यांचं नाव महाराष्ट्रभर पोचलं. अशा परीक्षेची तयारी करणाऱ्यांपुढची अडचण सांगायला सोपी आहे. बाजारात मिळणारी मराठी पुस्तकं छापील असतात आणि ब्रेलमध्ये त्यांतली फार थोडी येतात. बाकीची कुणीतरी वाचून ध्वनिमुद्रित करावी लागतात. हौसेनं वाचून देणारे पुष्कळ भेटतात. अडतं ते त्या वाचनातल्या चुका काढणं, कूलरची घरघर कमी करणं, प्रकरणं वेगळी करणं, यापाशी. हे करणारा माणूस मिळत नाही. आणि तो स्वतः अंध विद्यार्थीच असू शकतो, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

त्यासाठी दोन प्रणाली लागतात. दोन्ही फुकट मिळतात आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतात.

पहिली एनव्हीडीए. हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा कार्यक्रम. तो घडवणारे मायकेल करन आणि जेम्स टेह हे दोघे ऑस्ट्रेलियातले, दोघेही अंध. अंध मुलांच्या एका संगीत शिबिरात लहानपणी त्यांची ओळख झाली होती. तेव्हाचे चांगले स्क्रीन रीडर इतके महाग होते, की संगणकाबरोबर आणखी एक संगणक घ्यावा तसा तो खर्च होई. डोळस माणसाला पडदा वाचायला पैसे पडत नाहीत, मग आम्हाला का पडावेत, हा करन यांचा सवाल होता. २००६ मध्ये त्यांनी काम सुरू केलं, टेह त्यांना येऊन मिळाले. आज एनव्हीडीए जगभर वापरला जातो आणि त्याच्याबरोबर येणारा ईस्पीक हा आवाज मराठीही बोलतो. तो रुक्ष आणि यांत्रिक आहे, पण अतिशय वेगानं बोलला तरी त्याचे शब्द फुटत नाहीत. सरावलेले लोक तो अशा वेगानं ऐकतात, की शेजारी बसलेल्याला नुसता बुडबुड आवाज येतो.

दुसरी प्रणाली ऑडॅसिटी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी तिची सुरुवात केली आणि २००० मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली.

इथं स्क्रीन रीडरची मर्यादा समजून घेतली पाहिजे. तो चित्र वाचत नाही. कार्यक्रमानं विंडोजला ‘हे बटण आहे, त्याचं नाव अमुक’ असं कळवलेलं असेल, तरच तो ते बोलतो. ऑडॅसिटीतली आवाजाची लहर हे निव्वळ चित्र, त्यामुळं तिच्याबद्दल तो गप्पच राहणार. पण आपण ध्वनीत कुठं आहोत, निवड कुठून कुठवर आहे, हे तास, मिनिटं, सेकंद आणि सेकंदाचे हजारावे भाग अशा आकड्यांत लिहिलेलं असतं, आणि ते त्याला वाचता येतं. कान आवाज ऐकतो, स्क्रीन रीडर जागा सांगतो. एवढ्या दोन गोष्टी जुळल्या की चित्राशिवाय भागतं.

एक प्रसंग घेऊन बघू. दहावीच्या इतिहासाचा धडा कुणीतरी वाचून दिलाय. मध्येच वाचणाऱ्यानं एक वाक्य चुकीचं म्हटलं, घसा खाकरला आणि तेच वाक्य पुन्हा बरोबर म्हटलं. चुकलेलं वाक्य आणि खाकरणं काढायचंय.

स्पेसबार दाबला की ध्वनी वाजू लागतो. चुकलेलं वाक्य सुरू होताच डावा चौकटी कंस दाबायचा, खाकरणं संपताच उजवा. वाजत्या ध्वनीतच या दोन कळांनी निवडीची दोन टोकं ठरतात. टेपवरच्या पेन्सिलीच्या दोन खुणा त्या याच. अर्थात बोट कानाच्या किंचित मागं राहतं, म्हणून टोकं जरा उशिरा पडलेली असतात. ती दुरुस्त करायला शिफ्टबरोबर डावा-उजवा बाण दाबला की निवड बाहेरच्या बाजूला वाढते. कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही धरून बाण दाबला की ती आत आकसते. बाण एका वेळी किती सरकणार, हे पडद्यावरचं चित्र किती मोठं केलंय त्यावर ठरतं. त्यामुळं चित्र न बघणाऱ्यालाही ते लहानमोठं करावं लागतं. कंट्रोल-१ दाबत गेलं की पावलं बारीक होतात, कंट्रोल-३ दाबलं की लांब. नवशिक्याला हे कुणी सांगत नाही, आणि बाण दहा वेळा दाबूनही टोक हलत का नाही म्हणून तो वैतागतो.

मग येते माझ्या मते या सगळ्या कळांतली सर्वांत शहाणी कळ, सी. ती दाबली की निवडीच्या आधीचे दोनेक सेकंद वाजतात आणि लगेच, निवड वगळून, पुढचा एक सेकंद. म्हणजे कापल्यावर सांधा कसा ऐकू येईल ते कापण्याआधीच कळतं. तो खटकला तर टोकं पुन्हा सरकवायची, पुन्हा सी. समाधान झालं की डिलीट. ब्लेडनं कापणाऱ्याला ही चैन नव्हती. काही कळा सुरुवातीच्या संचात नसतात. कंट्रोल-पी दाबून पसंतीच्या खिडकीत कळफलकाचा विभाग उघडायचा आणि पूर्ण संच निवडायचा, की निवडीच्या टोकाच्या जरा अलीकडचं आणि जरा पलीकडचं ऐकवणाऱ्या, शिफ्टबरोबरच्या एफ-५ ते एफ-८ याही कळा हाताशी येतात.

सांध्यावर कधीकधी ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. हवेचा दाब नेहमीच्या पातळीच्या वर आणि खाली हेलकावत असतो, त्यातूनच ध्वनी बनतो; मुद्रणात ती पातळी म्हणजे शून्य. एका बाजूची लहर माथ्यावर असताना कापली आणि दुसऱ्या बाजूची तळाशी असताना जोडली, तर मध्ये एकदम उडी पडते, ती आपल्याला टक् अशी ऐकू येते. झेड कळ निवडीची दोन्ही टोकं जवळच्या अशा जागी नेऊन बसवते, जिथं लहर शून्य ओलांडते. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात, त्यामुळं ही सरक कानाला जाणवतही नाही.

पण कापायचं कुठं, हे कोणतीच कळ सांगत नाही. ते भाषेच्या घडणीवर ठरतं, आणि मराठी ऐकत वाढलेल्या कानाला ते नकळत ठाऊक असतं. क, ट, त, प म्हणताना तोंडात हवा क्षणभर पूर्ण अडते आणि मग सुटते. अडलेला तो क्षण सेकंदाचा विसावा भाग किंवा थोडा जास्त असेल, पण तिथं खरोखर शांतता असते. छेद घ्यायला याहून चांगली जागा नाही. ‘पुढे’, ‘तरीही’, ‘कारण’ अशा शब्दांनी सुरू होणारं वाक्य त्यामुळं सहज सुटून येतं. म, न, ल, य यांचं उलट. ‘आणि मग म्हणून’ असं भराभर म्हटलं की एक ध्वनी दुसऱ्यात विरघळलेला असतो. मधून कापलं तर शब्द लुळा पडतो. अशा वेळी एक शब्द मागं जाऊन कापलेलं बरं. ख, घ, भ यांच्यामागून श्वासाचा झोत येतो, तो अर्धवट तोडला तर ‘भारत’चा ‘बारत’ व्हायला वेळ लागत नाही. तुकडोजी महाराजांच्या भजनांची मुद्रणं हाताळायची असतील तर खंजिरीकडं लक्ष द्यावं लागतं. थाप एकदम, अणकुचीदार येते. छेद तिच्या अगदी अलीकडं घेतला तर सांधा थापेखाली झाकून जातो, थापेनंतर लगेच घेतला तर उघडा पडतो.

श्वासांचंही तसंच. नवा संपादक उत्साहानं सगळे श्वास काढून टाकतो आणि वाचणारा माणूस न राहता यंत्र होतो. श्वास राहू द्यावेत, फार मोठा असेल तर त्याची पातळी कमी करावी. आणि खोकल्याच्या जागी कधीही कोरी शांतता भरू नये. प्रत्येक खोलीला स्वतःची एक बारीक गुणगुण असते; तीच थोडी उचलून तिथं ठेवावी, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं की यंत्र बंद पडलं.

आता कूलर. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढं जातो, आणि अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही घरात दुपारी मुद्रण करायचं म्हणजे एक तर घामाच्या धारा, नाहीतर कूलरची घरघर. ऑडॅसिटीत घरघर कमी करण्याचा उपाय दोन टप्प्यांत चालतो. नुसती घरघर असलेला, कुणी बोलत नसलेला एखादा सेकंदाचा तुकडा निवडून आधी तिचा नमुना घ्यायचा. मग पूर्ण ध्वनी निवडून तो नमुना त्यातून वजा करायचा. प्रणाली ध्वनीचे अनेक बारीक पट्टे पाडते आणि ज्या पट्ट्यात आवाज नमुन्याच्या पातळीपेक्षा वर जात नाही, तो पट्टा दाबते. म्हणून मुद्रण सुरू करताना पाच सेकंद गप्प बसा, असं वाचणाऱ्याला सांगून ठेवावं. ६ ते १२ डेसिबल घट पुरते. जास्त ओढलं की आवाजाला पाण्याखालून आल्यासारखी खळखळ येते, आणि ती घरघरीपेक्षा वाईट. उपाय चालतो तो एकसारख्या आवाजावरच. कूलरचा पंखा सतत फिरतो, म्हणून तो जातो. कुकरची शिट्टी, भंगारवाल्याचा भोंगा, मोटारसायकल यांचा नमुना असा घेता येत नाही. तिथं ते वाक्य पुन्हा वाचणं हाच मार्ग.

पुन्हा वाचण्यासाठीही चांगली सोय आहे. चुकीच्या जरा आधी थांबून शिफ्ट-डी दाबलं की आधीचे पाच सेकंद ऐकू येतात आणि त्यापुढं मुद्रण आपोआप सुरू होतं. वाचणाऱ्याला स्वतःच्याच मागच्या वाक्याचा सूर मिळतो. ब्रेलवरून स्वतः वाचून मुद्रण करणाऱ्या अंध वाचकाला ही कळ वरदान वाटावी अशी आहे. त्यानं मायक्रोफोन मात्र टेबलावर ठेवू नये, वेगळ्या स्टँडवर लावावा. कागदावर फिरणाऱ्या बोटांची खसखस टेबलातून थेट मुद्रणात उतरते.

डोळस माणसाच्या लक्षात सहसा न येणारी एक अडचण राहिली. अंध संपादकाच्या कानात एकाच वेळी दोन आवाज असतात, एक कामाचा आणि एक स्क्रीन रीडरचा. नेमक्या सांध्याच्या क्षणी एनव्हीडीए आकडे बोलू लागला तर सांधा ऐकूच येत नाही. काही जण एनव्हीडीए लॅपटॉपच्या स्पीकरवर ठेवतात आणि ऑडॅसिटी यूएसबीवरच्या हेडफोनमध्ये, एक कान उघडा ठेवून. काही जण गरजेपुरता एनव्हीडीएचा आवाज बंद करतात. त्यासाठी इन्सर्टबरोबर एस कळ आहे. मला पहिली पद्धत जास्त पटते, कारण तिच्यात ध्वनी वाजत असताना स्क्रीन रीडरकडून वेळ कळत राहते. मात्र मायक्रोफोन चालू असेल तेव्हा तो स्पीकरही बंदच हवा, नाहीतर यांत्रिक मराठी धड्यात शिरते.

कायदा या कामाच्या बाजूनं आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारताच्या कॉपीराइट कायद्यात, छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाचं ध्वनी किंवा ब्रेल रूप करायला मुभा मिळाली, आणि २०१३ मध्ये झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला.

ऑडॅसिटीवर हात बसलेल्याला पुढं रीपर ही प्रणाली आहे. तिच्यात अनेक वाद्यांचं, अनेक पट्ट्यांचं काम चालतं. मूळ रीपर स्क्रीन रीडरशी नीट बोलत नसे. ती उणीव भरून काढणारी ओसारा ही जोडप्रणाली सुरू केली एनव्हीडीएच्याच जेम्स टेह यांनी. संगीत शिबिरातल्या त्या मुलानं शेवटी आपल्यासारख्यांसाठी स्टुडिओही उघडून दिला.

माझ्या मनात असलेलं काम मात्र पाठ्यपुस्तकांपेक्षा वेगळं आहे. गाडगेबाबांचं डिसेंबर १९५६ मध्ये वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर निधन झालं, त्याआधी नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्याच्या पोलिस ठाण्यात झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. बाबा प्रश्न विचारत, समोरचे लोक उत्तर देत, आणि त्या प्रश्नोत्तरांतूनच कीर्तन पुढं जाई. अशा मुद्रणावर हात टाकणाऱ्यानं जपून राहावं. लोकांचा गलका हा तिथं नको असलेला आवाज नाही, तो कीर्तनाचा अर्धा भाग आहे. घरघर घालवण्याचा उपाय जोरात लावला तर आधी मागच्या रांगेतली माणसं पुसली जातील.

गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याबाबतही मला हेच वाटतं. ‘मले काय मालूम बाप्पा’ म्हणणाऱ्या आजीच्या मुद्रणातला ‘बाप्पा’ प्रमाणभाषेत मुरलेल्या संपादकाला फालतू वाटेल आणि तो सी दाबून बघेल, सांधा बेमालूम बसेल, आणि तो कापूनही टाकेल. वऱ्हाडी कानाचा संपादक तो ठेवेल. म्हणून ही मुद्रणं अमरावती-अकोल्याच्याच अंध मुलामुलींच्या हाती द्यावीत, असं मी आग्रहानं म्हणतो. मूळ फाइल वेव्ह स्वरूपात जशीच्या तशी बाजूला ठेवायची आणि काम प्रतीवर करायचं. ऐकता ऐकता जिथं विषय बदलेल तिथं कंट्रोल-एम दाबून लेबल टाकायचं: कापसाचा भाव, शकुंतला रेल्वे, दुष्काळ, लग्नातली गाणी. ऑल्टबरोबर बाण दाबला की एका लेबलावरून दुसऱ्यावर जाता येतं. शेवटी प्रत्येक लेबलाखालचा भाग त्याच्याच नावानं वेगळ्या फाइलीत निघतो, आणि लेबलांची यादी वेळेच्या आकड्यांसह साध्या मजकुराच्या फाइलीत बाहेर काढता येते. ती स्क्रीन रीडर वाचतो, आणि हवी तर ब्रेलमध्येही छापता येते.